दिवसातून अकरा वेळा

“एकदा काय ते कट्‌कन करा आणि सोडा मला. दुपारच्या पाळीला पोचायचंय,” टेबलावर पालथी पडल्या पडल्याच ती म्हणाली.

कायरोप्रॅक्टर बाईंचे अंगठे तिच्या पाठीवरून एकेका मणक्याची विचारपूस करत खाली उतरत होते. “कट् वाजलं म्हणजे हाड जागेवर बसलं असं नसतं, काकू. सांध्यातला बुडबुडा असतो तो. आज थोडं हलकं वाटेल, उद्या कदाचित जास्त ठणकेल. चार-पाच वेळा यावं लागेल. पायाला मुंग्या आल्या तर मात्र लगेच सांगायचं.”

“चार-पाच वेळा,” ती पुटपुटली. टेबलाला तोंडापुरतं भोक होतं. त्यातून फरशी दिसत होती आणि नवऱ्याच्या व्हीलचेअरचं एक चाक.

बावीस वर्षं लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री केली, पण पाठीने कधी हूं की चूं केलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी नवऱ्याची डावी बाजू गेली, तेव्हापासून ती त्याला उचलत होती. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत. दिवसातून अकरा वेळा. गेल्या सोमवारी ती वाकली ती वाकलीच. शेजारीण येईपर्यंत दोघं एकमेकांना टेकून तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी लेक बाबांसाठी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरूनच घेऊन आली. सही तेवढी बाकी होती.

“आई, तू आडवी झालीस तर बाबांना कोण उठवणार?” लेकीचं चुकलं नव्हतं.

“उठा,” बाई म्हणाल्या. “काकांना कसं उचलता ते दाखवा. अर्धंच करा, वजन घेऊ नका.”

तिने सवयीने त्याच्या दोन्ही काखांतून हात घातले. छातीला छाती लागली. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर येऊन विसावली. बाई तिच्या पाठीकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या.

“काकू, बाजूला व्हा. काका, पाय मागे घ्या. पुढे झुका, नाक पार पायाच्या बोटांवर आणा. आता उजव्या हाताने टेबल धरा आणि उठा.”

“त्यांना नाही जमायचं,” ती म्हणाली.

तो उठला. गुडघे थरथरले, पण उठला. बाईंनी त्याच्या कमरेचा पट्टा नुसता दोन बोटांनी धरला होता.

“छान. कधीपासून जमतंय?”

त्याच्या जिभेला अजून जडपणा होता. “सहा... सात महिने.”

बाईंनी त्याला परत बसवलं आणि व्यायामाचा कागद आणायला बाहेर गेल्या.

“सात महिने,” ती म्हणाली. रागवायलाही कमरेत जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता. “माझी पाठ मोडली, घरात तो फॉर्म येऊन पडला. आणि तुम्ही गप्प?”

“सांगितलं असतं,” तो हळूहळू म्हणाला, “तर मग तू कशाला धरलं असतंस मला?”

तो गोदामावर रात्रीचा पहारेकरी होता, ती तेव्हा दिवसपाळीला. एकतीस वर्षं संसार झाला तो दारातल्या दारात. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच्याच उबेत अंग टाकायचं. अंथरूण एक, झोपा दोन. लेक झाली ती कुठल्याशा सुट्टीच्या दिवसांत. अंगाला अंग लागलं ते त्याची बाजू गेल्यावरच.

ती टेबलाच्या कडेवर बसून राहिली. पाठ ठणकत होती. पाळीची वेळ टळून गेली होती. तिने त्याच्या शर्टाची वर सरकलेली कॉलर नीट केली.

“उद्यापासून तुमचं तुम्ही उठायचं,” ती म्हणाली. “उभे राहिलात, की मी धरीन.”