गोलावरची तिरपी रेघ

साधनाच्या ड्रॉइंगमध्ये कोणीतरी हात घातला होता. पार्किंगच्या कॉलममधली सोळा एमएमची सळई गुपचूप बारा झाली होती आणि खाली नाव मात्र तिचंच. उद्या इमारत बसली, तर बेड्या हिलाच. तिचा संशय शेजारच्या टेबलावरच्या मनीषावर. बिल्डरशी बाई जरा जास्तच गोड बोलायची.

साधनाने ती बदललेली ओळ उघडून पाहिली. सळईच्या व्यासाचं चिन्ह, म्हणजे गोलावरची तिरपी रेघ, कीबोर्डवर नसतं. या दोघी ते टक्का-टक्का-सी, म्हणजे टक्क्याची खूण दोनदा आणि पुढे इंग्रजी सी, असं टाइप करून आणायच्या. इथे मात्र ते दुसऱ्या ड्रॉइंगमधून उचलून चिकटवलेलं होतं. माग लागू नये म्हणून भवानीने मुद्दाम वेगळं केलं, साधनाने ठरवूनही टाकलं आणि तडक ऑफिसचे बॉस तिदमे सरांची केबिन गाठली.

"सर, मनीषाने माझी सळई बदललीय."

"मलाही तिचाच डाऊट होता," सर म्हणाले. "आजच काढतो तिला. आण, तुझी ओळ मीच नीट करतो."

त्यांनी अख्खी ओळ खोडली, सोळा लिहिलं आणि अडले. मग एक जुनं ड्रॉइंग उघडलं, त्यातली गोलावरची तिरपी रेघ कॉपी केली आणि इथे आणून चिकटवली.

"झालं. जा, मनीषाला आत पाठव."

साधना जागची हलली नाही.

"तिला कशाला, सर? चिकटवणारा तर माझ्यासमोर बसलाय."