अनीसच्या लग्नाचा व्हिडिओ

लिबियातल्या दर्ना शहराच्या पुरात मिफ्ताहचा व्हिडिओ स्टुडिओ वाहून गेला, तसाच हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा मबरूकाचा लेक अनीसही. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ मागायला ती मिफ्ताहच्या नव्या दुकानात आली. मिफ्ताहने पुरातून वाचलेल्या लॅपटॉपवर त्या व्हिडिओचं काम उघडलं, पण सॉफ्टवेअर फाइली जुन्या स्टुडिओतल्या हार्डडिस्कवरच शोधत राहिलं. “वेडंच आहे तुझं यंत्र! वाहून गेलेल्या दुकानात काय शोधतंय?” हाज्जा चिडली. “त्याला कुणी सांगितलंच नाही, हाज्जा,” म्हणत मिफ्ताहने सेटिंगमधला जुना पत्ता पुसला, भावाकडे असल्याने वाचलेला पेनड्राइव्ह लावून त्याचा नवा घातला. तिथे नुसता आवाज सापडला. पडदा काळाच राहिला. मिफ्ताह ओशाळून बंद करणार, एवढ्यात अनीसचं हसणं ऐकू आलं. “अगं आई, रडतेस काय? दोन गल्ल्या पलीकडेच तर राहणार आहे!” हाज्जाने मिफ्ताहचा हात धरला. “राहू दे, बाळा. चेहरा पाठ आहे. आवाजच विसरत चालले होते.”