पाण्याचं वेड

प्राण्यांच्या डॉक्टरांनी ओला टिश्यू अजगराच्या अंगावरून फिरवून टेबलावर पसरला. पांढऱ्यावर काळे ठिपके चालू लागले.

"किडे झालेत. रक्त पितात."

"पण दिवसभर तसराळ्यातल्या पाण्यात मजेत पडून असतो हो," दिगंबरराव म्हणाले.

"मजा कसली? किडे बुडावेत म्हणून पडतो बिचारा. औषध फवारतो मी, पण त्याच पेटीत ठेवू नका. किडे पेटीत आहेत. परत तिथे सोडलात, तर संपला."

अजगर दिगंबररावांच्या लेकीचा, केतकीचा, लग्नाआधी हौसेनं पाळलेला. गेल्या आठवड्यात ती न सांगता माहेरी आली आणि उठताबसता अंघोळीला जाऊ लागली. "तुला आणि तुझ्या अजगराला पाण्याचं वेड," म्हणून ते हसले होते. बाह्या मनगटापर्यंत ओढत तीही हसली होती. परत जायचं नाही म्हणाली, तेव्हा "होईल सवय" अशी समजूत घालून त्यांनीच आज सकाळी तिला सासरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं.

त्यांनी तिथूनच तिला फोन लावला.

जावयानं उचलला. "पोचली, बाबा," तो हसत म्हणाला. "आल्या आल्या अंघोळीला गेलीय. काय वेड आहे हो तिला पाण्याचं!"