दहावं पाऊल

मारोतरावांची हयात कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेली. नातू वारला, तेव्हा रडायचं सोडून ते काटोलच्या लेकीची पत्रं लावायला बसले. नियम कचेरीचाच: सहपत्र वेगळं काढायचं, तारीख टाकायची, पत्राशिवायचं असेल ते फाडायचं.

सहपत्र दरवेळी एकच असे. आजोबांना सीताबर्डीवरून मापाच्या चपला घेता याव्यात, म्हणून प्रेमिला विनूचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. करंगळी जराशी वाकडी. नऊ पत्रं, नऊ पावलं. शेवटचं दोन वर्षांच्या विनूचं.

गठ्ठ्यात दहावं निघालं. त्याला पत्र नव्हतं. मारोतरावांनी ते फाडलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा दहावं होतं, कालच्याहून बोटभर मोठं. करंगळी तशीच वाकडी. तेही फाडून त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

तिसऱ्या दुपारी कुलूप त्यांनीच उघडलं. आता पाऊल पाच वर्षांच्या पोराएवढं झालं होतं. मारोतराव तो कागद फाडणार, तोच बायकोनं, वच्छलाबाईंनी, त्यांचं मनगट धरलं.

"आवो, काहून फाडता?" त्या म्हणाल्या. "वाढून राहिला तो. वाढू द्या त्याले."