लोंबतं बटण

“आज एक दिवस हुशारी दाखवू नका, काका. पाया पडते तुमच्या,” बाई म्हणाली आणि म्हाताऱ्या शिंप्याने मोठ्या मुश्किलीने लावलेलं गळ्याचं बटण तिने पुन्हा सोडलं.

तेवढ्यात बेल वाजली.

तपासनीस आला, खुर्चीवर बसला, मांडीवर फाइल उघडली. सरकारी मदतनीस आता ज्याला त्याला मिळत नव्हती. म्हातारे उदंड आणि तिजोरी तेवढीच. शिंप्याला स्वतःचं स्वतः करणं जमतं असं ठरलं, की बाईची नोकरी जाणार. नोकरीबरोबर इथे राहण्याचा परवाना. मग महिन्याभरात बोचकं बांधून समुद्रापलीकडे, जिथून ती आली होती तिथे. शिंप्यालाही हे ठाऊक होतं.

“हात वर करा.”

हात खांद्यापर्यंत गेले आणि परतले.

“हा कप उचला.”

कप बशीवर खडखडला. बाईच्या जिवात जीव आला. म्हातारा चक्क शहाण्यासारखा वागत होता.

मग त्याची नजर तपासनिसाच्या बाहीवर गेली. तिथलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

“असे फिरता चारचौघांत?” तो कडाडला. “काढा तो कोट.”

“राहू द्या हो, आजोबा.”

“चाळीस वर्षं या हातांनी निम्म्या गावाला कपडे घातलेत. काढा म्हणतो ना!”

बाई पुढे सरसावली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आजच वर यायचा होता! पण तपासणीत मदतनिसाने मध्ये बोलायचं नाही, असा नियम होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

तपासनिसाने कोट काढून दिला. शिंप्याने तो मांडीवर पसरला, खिडकीतली डबी घेतली. सुई काढली. दोरा ओठांत ओला केला, डोळा बारीक केला. नेम चुकला. पुन्हा चुकला. पुन्हा. तपासनीस लिहायचा थांबला.

शेवटी त्याने आपला कोट म्हाताऱ्याच्या मांडीवरून हळूच उचलला. “मदतनीस चालू राहील,” तो बाईला म्हणाला आणि लोंबतं बटण घेऊन जिना उतरला.

दार लागलं तशी बाई मटकन खाली बसली. तिला हसू आवरेना.

“काय नाटक केलंत, काका! माझा तर जीवच गेला होता.”

शिंप्याने मान वर केली नाही. सुई अजून उजेडाकडे धरलेली होती.

“जरा ओवून दे गं,” तो म्हणाला.