घागरीवरचं फळ

देवपूरच्या कॉलेजात मराठीचा तास चालू होता. कथेतला मेलेला म्हातारा दर उन्हाळ्यात घरी येऊन घागरीतलं पाणी पिऊन जाई. “ही घागर कशाचं प्रतीक आहे?” मॅडमनी विचारलं. एरवी गप्प बसणारी सिंधू उभी राहिली. “प्रतीक नाही, मॅडम. यंदा आबा गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावानं घागर भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कमी झालेलं.” वर्ग हसला. मागून भटू ओरडला, “एस्टीनं येतस का तुना आबा?” वर्गात पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं ठरवून सिंधू खाली बसू लागली. मॅडमनी खडू खाली ठेवला. “थांब, सिंधू. घागरीवर फळ कोणतं ठेवलंस?” “खरबूज. आबांना आवडायचं.” आता कोणी हसलं नाही. भटूच उठला, मान खाली घालून. “मॅडम, आम्ही आंबा ठेवला. मन्ही मायले आंबाच आवडे.”