हात लावलेला घोडा

“बरोबरी?” म्हातारा म्हणाला आणि त्याने घड्याळाची कळ दाबली.

म्हातारा म्हणजे बावन्न वर्षांचा ग्रँडमास्टर. पण त्या दालनात पटांवर वाकलेल्या पोराटोरांमध्ये म्हाताराच. समोरची मुलगी एकोणीसची. तीही ग्रँडमास्टर, चौदाव्या वर्षीच झालेली. घरीदारी तिला भिंगरी म्हणत. खेळी केली की ती उठायची आणि समोरच्याचा विचार होईपर्यंत दालनभर फिरत राहायची.

आज शेवटची फेरी होती. बरोबरीचा अर्धा गुण मिळाला की ती जगज्जेत्याला आव्हान देणाऱ्या आठ जणांच्या स्पर्धेत जाणार होती. हरली तर पुन्हा दोन वर्षं वाट बघायची. ‘हो’ म्हणायचं, हात मिळवायचा, की झालं.

ती ‘हो’ म्हणाली नाही. ‘नाही’ही म्हणाली नाही. घड्याळ तिचं चालू होतं, तरी ती उठली.

दोरीपलीकडे मावशी आणि सर शेजारी शेजारी बसले होते. सर म्हणजे गेल्या वर्षापासूनचे तिचे प्रशिक्षक. सकाळी चहा पितानाच त्यांनी बजावलं होतं, “आज पराक्रम नको. अर्धा गुण घ्यायचा आणि उठायचं.” आता खेळाडूशी बोलायला बंदीच होती. मावशीला कसली आलीय बंदी!

“अगं, बूड टेकव की जरा एका जागी,” भिंगरी जवळून जाताना ती दबक्या आवाजात म्हणाली. “बघूनच माझे पाय दुखायला लागले.”

पंचांनी मान वळवली. मावशीने तोंडावर हात ठेवला.

भिंगरी परत येऊन बसली. पटावर तिचा घोडा म्हाताऱ्याच्या राजासमोरच्या प्याद्यावर टपून उभा होता. घोड्याने ते प्यादं मारायचं. घोडा जाणार. मग हत्ती पुढे घालायचा. तोही जाणार. मग वजीर आत, आणि राजा उघड्यावर. सात खेळ्या तिला लख्ख दिसत होत्या. आठवी दिसत नव्हती.

वर्षापूर्वी तिने सातसुद्धा मोजल्या नसत्या. तेव्हा ती मोहरी उधळून खेळायची; जिंकायची ती वाजतगाजत आणि हरायची तीही सपशेल. लोक हातातला घास ठेवून तिच्या पटाभोवती जमायचे. मग सर आले. ते दर खेळीला एकच विचारायचे, “बरं, आणि त्यानंतर काय?” तिला उत्तर आलं नाही की ती खेळी बाद. गुणांकन चढत गेलं. अकरा महिन्यांत ती एकही डाव हरली नव्हती. आणि तिचा डाव सुरू झाला की लोक तेवढ्यात जेवून घ्यायचे.

टेबलाखाली तिचे पाय नाचत होते. पेनाचं टोपण काढ, लाव, पुन्हा काढ. घोड्याचं तोंड जरा वाकडं दिसत होतं. तिच्या घोड्यांनी नेहमी नाकासमोर बघायचं. कडेला बघणारा घोडा तिला खपत नसे. तिने दोन बोटांनी त्याचे कान धरले.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आधी ‘नीट करते’ म्हणायचं, हे खेळ शिकणाऱ्या पोरांनाही पाठ असतं. न बोलता हात लावला की ते मोहरं खेळावंच लागतं. आणि खेळायला हात लावला म्हणजे बरोबरी नाकारली. ती तर काहीच बोलली नव्हती. घोडा मागे घेतला तर डाव हळूहळू बुडणार. पुढे घातला तर सात खेळ्या, आणि मग अंधार.

तिने हात मागे घेतला. पंच पाठमोरे होते. पाहिलं होतं ते फक्त म्हाताऱ्याने.

तो पुढे झुकला. पट त्याच्या बाजूनेही काही सुखाचा नव्हता. बरोबरी त्यालाही हवीच होती.

“नीटच करत होतीस ना?” तो हळूच म्हणाला. “म्हणायचं राहिलं तुझं. होतं असं. मी काही बघितलं नाही.”

नुसती मान हलवायची होती. दोरीपलीकडून सर डोळे न हलवता तिच्याकडे बघत होते. मावशी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती, बहुतेक ‘संपलं का हो?’

खरंच, नीट करत होते का मी? तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. कान धरले ते वळवायला की उचलायला? तिचं तिलाच सांगता येईना. बोटं मात्र अजून शिवशिवत होती.

“नाही,” ती म्हणाली. “खेळतच होते.”

तिने घोडा उचलला, प्यादं मारलं, आणि कळ दाबली.

म्हातारा बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग त्याने कोटाच्या खिशातून आगगाडीचं तिकीट काढलं, त्यावरची वेळ वाचली, आणि घडी घालून ते पाण्याच्या पेल्याखाली सरकवलं.

“पोरी,” तो म्हणाला, “ही गाडी काही मिळत नाही मला आता.”

त्याने खुर्ची पुढे ओढली, आणि दोन्ही तळव्यांनी कान झाकून तो पटावर वाकला.